नक्षीच्या सहा गोळ्या

नोकरी सुटून बरीच वर्षं झाली, तरी त्या सहा गोळ्या अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. हाताखालून खून गेले, दरोडे गेले, ते विसरलो. ह्या विसरता येत नाहीत. नावं कोणाची सांगणार नाही. त्यांची नातवंडं कल्याणातच राहतात.

मी तेव्हा कल्याणच्या चौकीत हवालदार होतो. शिक्षण दोन इयत्ता. रोजनामा कारकून लिहायचा म्हणून निभलं. एका सकाळी कोपरच्या खाडीवरची एक कोळीण पाटी घेऊन थेट माझ्या घरी आली. आमच्या हिच्याशी तिची ओळख होती. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आता चार महिने झाले.

"हवालदार, माज्या जाल्याचा शिसा कोनी चोरला," कोळीण म्हणाली. "बांधावर जाला सुकत घातलेला."

"किती गेलं?"

"सगला! आता जाला पान्यावर तरंगतंय, न मासे खालून हसत जातान."

मी फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, "सोनं नाही, चांदी नाही, शिसं? बरं, लिहून ठेवायला सांग."

तिसऱ्या दिवशी खबऱ्यानं बातमी आणली, की बाजारातला एक म्हातारा सोनार पिस्तुलाच्या गोळ्या करतोय. फौजदार ताडकन उठले. त्या दिवसांत बंड म्हटलं की गोरे साहेब दचकायचे आणि बंड पकडणाऱ्याला बढती मिळायची. त्यांनी लगेच ठाण्याच्या साहेबांना कागद लिहायला घेतला.

मी म्हटलं, "साहेब, आधी सोनाराला तरी विचारू."

"तू विचार. मी लिहितो."

पंच घेऊन गेलो. सोनाराच्या पेटीत सहा काडतुसं मिळाली. पितळी पुंगळ्या जुन्या, वापरलेल्या. गोळ्या मात्र नव्या कोऱ्या, घासून चकचकीत केलेल्या, आणि प्रत्येकीच्या भोवती बारीक पानांची वेल कोरलेली. मुद्देमाल आणि सोनार दोघांना चौकीत आणलं. फौजदारांनी एक गोळी उजेडात धरली.

"ही वेल कसली? बंडवाल्यांची खूण?"

"नाही हो सरकार," सोनार रडकुंडीला आला. "जन्मभर मणी केले. बिननक्षीचा माल दुकानाबाहेर गेला तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला."

"पुंगळ्यांत दारू कोणी भरली?"

"त्या भरूनच आल्या. मी नुसती गोळी बसवली."

"कोणी आणल्या?"

इथं त्याचं तोंड मिटलं. फौजदारांनी छडी आपटली, उपयोग नाही. मी त्याला पाणी दिलं आणि समोर गप्प बसून राहिलो. दुकानदार माणसाला समोरच्याचं गप्प बसणं सोसत नाही. दहा मिनिटांत बोलला. गिऱ्हाईक होते मिठागरांचे दरोगा. सरकारी माणूस, पगडीवाला, सरकारनं रखवालीसाठी सहाबारी पिस्तूल दिलेला.

दरोगांना बोलावलं. ते आले ते काडतुसं बघून बाकावर बसलेच. फौजदार मला म्हणाले, "फोड एक. दारू बाहेर काढ. जपून."

मी जपून गोळी उपटली. पंच दाराबाहेर पळाले. मेजावर लाल लाल दाणे सांडले. मी एक दाणा चावून बघितला.

"साहेब, नाचणी."

"नाचणी?"

"घरात दारू आणू देईना ना आमची," दरोगा खाली मान घालून म्हणाले. "वजनाला म्हणून नाचणी भरली."

मग सगळं बाहेर आलं. दरोगांच्या मुलीला बघायला होणारे व्याही आले होते. बोलता बोलता म्हणाले, "दरोगासाहेब, हे नुसतं कमरेला लावायचं, की वाजतंही?" दरोगांनी बांधावर नारळ ठेवला आणि सहाच्या सहा बार काढले.

"मग?" फौजदार म्हणाले.

"नारळ अख्खाच राहिला. घरी आणून चटणीला वाटला."

सोमवारी मुंबईहून खात्याचे साहेब मोजणीला येणार होते. सहा काडतुसं दिसली नाहीत तर नोकरी जाणार, आणि बापाची नोकरी गेलेली मुलगी कोण करून घेणार? दरोगा काडतुसं आणायला मुंबईला जाऊन आले. तिथला बंदुकांचा दुकानदार म्हणाला, काडतूस काय, नुसती गोळीही मिळेल, पण कचेरीची चिठ्ठी आणा, त्यात कारण लिहा. आता कारण काय लिहायचं, नारळ? म्हणून बांधावरून उचललेलं कोळणीचं शिसं आणि सोनाराचा हात.

फौजदारांनी ठाण्याचा कागद फाडला. बंडात नाचणी कशी दाखवणार? चोरी उरली. कोळणीला बोलावलं.

"मना कोरट नको," ती दरोगांना म्हणाली. "माजा शिसा दे. न ह्या सा गोल्या पन माज्या. छान दिसतान."

गोळ्या कोळणीनं नेल्या, आणि सोमवारी दरोगांनी खात्याच्या साहेबांपुढं खरं सांगितलं. मीच तसं करायला लावलं. साहेबांनी पिस्तूल काढून घेतलं, नोकरी ठेवली.

संध्याकाळी जेवताना हिला सगळं सांगितलं. ती हसली, मग म्हणाली, "आणि मुलीचं जमलं का हो?"

मला ठाऊक नव्हतं. फौजदारांना नव्हतं. चार पानी जबानी घेतली, आणि ज्यासाठी त्या माणसानं हे सगळं केलं, तेच कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निमित्त काढून दरोगांकडे गेलो. जमलं होतं. व्याही म्हणाले होते, सहा बारांत नारळ चुकवणारा माणूस सोयरा म्हणून निर्धोक.

त्या केसपासून मी एक नेम केला. प्रत्येक गुन्ह्याची हकिगत घरी हिला सांगायची, आणि ती जे विचारेल तेच दुसऱ्या दिवशी आरोपीला विचारायचं. शिकलेले फौजदार चाट पडायचे, ह्या अडाण्याला नेमकं सुचतं कसं. मी जमादार झालो तो तिच्या प्रश्नांवर. हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही. तिलाही नाही.