वहिनींच्या गाडीचे चार प्लग

गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणत. डिझेल गाड्यांच्या या डॉक्टरचा एक हट्ट होता: थंडीत इंजिन सुरू व्हावं म्हणून आतून ऊब देणारे हीटर प्लग तपासायचे तर इंजिन रात्रभर थंड पडलेलं हवं. गरम इंजिन खोटं बोलतं, आणि माणसांपेक्षा सफाईने बोलतं, असं त्याचं मत.

म्हणून वहिनींची छोटी गाडी रात्री त्याच्या गॅरेजात राहिली आणि सकाळी वहिनी शाल गुंडाळून स्टुलावर येऊन बसल्या. त्याचा थोरला भाऊ उन्हाळ्यातच गेला होता. तरी थंडी पडल्यापासून वहिनी सकाळी दाराबाहेर येत तेव्हा गाडी आधीच सुरू असे. भाऊ होता तेव्हाही असायची. बायकोला गारठलेल्या गाडीत बसावं लागू नये म्हणून तोच आधी जाऊन सुरू करून ठेवी. मुलाचं म्हणणं, आईच सुरू करते आणि विसरते. घराला कुलूप लावून तो तिला आपल्याकडे न्यायला निघाला होता.

"भावजी, खरं सांगा. माझं डोकं फिरलंय का?"

"डोक्यातलं मला काय कळतंय, वहिनी? प्लगमधलं कळतं."

प्लग चांगले निघाले तर गाडी वहिनींनीच सुरू केली असणार. मेलेले निघाले तर या गारठ्यात ती कोणाच्या बापाला सुरू होणार नव्हती.

त्याने प्लगवरची पट्टी सोडवली, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीला लावली आणि दुसरीचं टोक पहिल्या प्लगला टेकवलं. प्लग जिवंत असला तर दिवा लागतो. लागला नाही. पुढच्यालाही नाही. तिसऱ्याला नाही, चौथ्यालाही नाही. दिवाच गेला असेल म्हणून त्याने शेजारच्या गाडीच्या प्लगला टेकवून पाहिला, तर लख्ख पेटला.

खात्रीसाठी स्टार्टर मारायला तो आत बसला, तर पाय क्लचला पुरेना. सीट पार मागे गेली होती, उंच भावाला लागायची तितकी. काल इंजिन गरम असताना त्यानेच ती पुढे ओढून गाडी आत घेतली होती, आणि गॅरेजची किल्ली रात्रभर त्याच्या उशाशी होती. त्याने एकदा मागच्या सीटकडे वळून पाहिलं. त्याने चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं.

"वहिनी," तो कसाबसा म्हणाला, "चारही मेलेत. तुम्ही काही विसरत नाही."

वहिनींना रडू फुटलं. मग पदराने डोळे पुसून त्या गाडीकडे बघत राहिल्या.

"नवे घालतो," तो घाईने म्हणाला. "तुमची तुम्हाला सुरू करता येईल."

"राहू द्या, भावजी," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या हातून होतेय ना सुरू."