मोराचं तिसरं वर्ष

फोन नलूकाकूंचा होता. "काका गेले गं," एवढंच म्हणाल्या... आणि जरा थांबून, "मोरांना दाणे घालायचे राहिलेत." मी नोव्हायमधल्या माझ्या घरून निघाले ती दाण्याचं पोतं गाडीत टाकूनच. रडणं नंतर झालं.

भास्करकाका माझ्या वडिलांचे मित्र. जन्मभर मोटारींच्या रंगविभागात इंजिनिअर. प्रत्येक गाडीचं दार आणि बॉनेट तंतोतंत एकाच छटेचं निघालं पाहिजे, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांनी गावाबाहेर जागा घेतली आणि मोर पाळले, तेही संकरित. आपला निळा आणि जावा बेटावरचा हिरवा यांच्या वंशातले. उंच, ताठ तुऱ्याचे. कुणी ब्रॉन्झ, कुणी जांभळा, कुणी अंगावर पांढरे पट्टे घेऊन आलेला. "इथे काय निघेल ते आधी कळत नाही," म्हणायचे आणि खूश व्हायचे. रंग आणि नक्षी यांत फरक काय, असं मी एकदा विचारलं. "साडीचा रंग वेगळा, बुट्टे वेगळे. कुठल्याही रंगावर कुठलेही बुट्टे." आतून काकू म्हणाल्या, "माझ्या लग्नातल्या शालूचा रंग सांगा बघू! मोराला बरी साडी नेसवता येते."

काकूंना मोरांचा आवाज सोसायचा नाही. त्या पिंजऱ्याकडे फिरकत नसत. काका मात्र रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथे घडीच्या खुर्चीत बसत, एका ब्रॉन्झ मोरासमोर. त्याच्या बापाच्या पिसाऱ्यातले डोळे निळ्याऐवजी पांढरे होते. ते याच्यात उतरलेत का, हे पुढच्या स्प्रिंगला, त्याच्या तिसऱ्या वर्षी, पूर्ण पिसारा आल्यावरच नीट कळणार होतं. ऑगस्टमध्ये मी त्यांच्या हार्टबद्दल विचारलं, तर म्हणाले, "स्प्रिंगपर्यंत काढीन गं. याचे डोळे बघायचेत." सप्टेंबरात गेले...

बर्फ पडायच्या आत पक्ष्यांची सोय लावायची, म्हणून मीच फोन केले. गेल्या शनिवारी ओहायोचे मोर पाळणारे एक गृहस्थ ट्रेलर घेऊन आले. बाकीचे मोर चढवून झाले. शेवटी ते काकांच्या त्या ब्रॉन्झ मोराकडे वळले. काकू स्वेटर ओढत बाहेर आल्या. "नॉट धिस वन," म्हणाल्या. त्याच्याबरोबर दोन लांडोरीही ठेवून घेतल्या.

ट्रेलर गेला. आवराआवर करताना मी काकांची खुर्ची घडी घालून गराजकडे निघाले.

"ती कुठे नेतेस?" काकू म्हणाल्या. "ठेव तिथेच. स्प्रिंगपर्यंत मला बसायला लागेल."