उपरण्याखालचा रुपया

घोडेगावच्या बाजारात तीस वर्षं बैलांचे सौदे जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्या दलालाला आम्ही चोर ठरवलं. १९७१ साली, पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, शाळेच्या ओट्यावर, भर सभेत. आम्ही म्हणजे आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचा पालक संघ. मी त्या संघाचा चिटणीस होतो. दोषींची यादी करायची तर पहिलं नाव माझं घाला.

त्यांचं नाव मी छापत नाही. एकदा पत्रक छापून काय झालं ते पाहिलंय. गाव त्यांना आबा म्हणायचं, तेवढं पुरे.

जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो ते तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. दलाल खांद्यावरचं उपरणं हातावर टाकतो, गिऱ्हाईक त्याखाली हात घालतो, आणि बोटं धरून, दाबून आकडा सांगतो. तोंडानं कोणी काही बोलत नाही. बैल कितीला गेला ते दोन हातांना कळतं, तिसऱ्याला नाही. आबांची तऱ्हा अशी की खाली बोटांची पन्नास रुपयांवरून झटापट चाललेली, आणि वर ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "म्हातारीच्या गुडघ्याचं काय झालं रं? एरंडाचं पान बांधलं का न्हाई?" गिऱ्हाईक म्हातारीच्या गुडघ्यात गुंतला की खाली दहा रुपये सुटायचे.

कोणी विचारलंच, "आबा, कितीला बसला?" तर उत्तर ठरलेलं. "आतलं आत, भायेरचं भायेर."

आमच्या शाळेला तेव्हा एकच खोली होती. तिसरी-चौथी मारुतीच्या देवळात बसायची. कुणाचं लग्न आलं की वऱ्हाड देवळात आणि चौथी लिंबाखाली. जिल्हा परिषदेनं सांगितलं, लोकवर्गणी जमवा, उरलेलं आम्ही घालू. मग पालक संघ निघाला. अध्यक्ष गावातले मोठे बागाईतदार. मी नगरला कॉलेजात शिकत होतो, पत्रकं लिहीत होतो, वाटत होतो, म्हणून पोर नसताना पालक संघाचा चिटणीस. माझी धाकटी बहीण तिसरीत होती, तेवढ्यावर भागवलं.

वर्षभर आम्ही काय नाही केलं! नाटक बसवलं. तिकीट पुढच्या दाराला होतं, गाव मागच्या कुंपणातून आलं. खळ्याखळ्यावर जाऊन ज्वारी मागितली, तर प्रत्येकानं शेजाऱ्याच्या खळ्याकडे बोट दाखवलं. दसऱ्याला अध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून पाचशे एक रुपये जाहीर केले. टाळ्या पडल्या. पैसे पडले नाहीत.

एका सभेत आबा मागून म्हणाले, "मी बाजारातून आनतो."

"बाजारातून म्हणजे कसे?" मी विचारलं.

"सौदा झाला की हात सोडायचा न्हाई. आनखी एक बोट धरायचं. म्हनायचं, ह्यो शाळंचा."

"परगावची माणसं आपल्या शाळेला कशाला देतील?"

"बैल नवा घेतल्याव मानूस घडीभर मोठ्या मनाचा हुतो, मास्तर." मी मास्तर नव्हतो, पण पँट घालणारा प्रत्येक जण त्यांना मास्तरच. "त्येवढ्या घडीत धरायचा. घरी पोचला की बायकू मन बारीक करती त्येचं."

आणि खरोखर पैसे आले. दर बाजाराला संध्याकाळी आबा धोतराच्या सोग्याची गाठ हेडमास्तर गुरुजींच्या पुढ्यात सोडायचे. कधी बारा, कधी वीस, एकदा तर एकतीस. गुरुजी वहीत एकच शब्द लिहायचे, 'बाजारातून'. नाटकानं दिलं नाही, खळ्यांनी दिलं नाही, ते उपरण्यानं दिलं.

मी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या मागे लागलो. "आबा, देणाऱ्याचं नाव लिहा. पावती फाडा."

"पावती फाडली की मानूस आकडा बघतो. मंग शेजाऱ्याचा बघतो. पोरं ऱ्हातात बाजूला." मग माझ्या पाठीवर थाप मारून, "तुमची रीत ब्येस हाय, मास्तर. पर ती कागदाची हाय. ही हाताची हाय."

मला ते मागासलेपण वाटलं. स्पष्ट लिहितो, कारण लपवून उपयोग नाही. मी पोळ्याच्या आधी नगरहून पत्रक छापून आणलं. मथळा: 'पैसा जनतेचा, हिशेब जनतेसमोर!' खाली मागणी: प्रत्येक देणगीदाराचं नाव आणि रक्कम सभेत मोठ्यानं वाचा. माझा नेम अध्यक्षांच्या पाचशे एकावर होता. शपथेवर सांगतो, आबा माझ्या डोक्यातही नव्हते.

रविवारी चाळीसेक माणसं जमली. अध्यक्षांनी पत्रक वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, आणि हसले.

"पोरगं बराबर बोलतंय. नावं वाचायचीच. पर समद्यांची. आबा, उठा. बाजारातल्या पैशाची नावं सांगा."

आबा उठले. "नावं हायती."

"मंग सांगा की."

"सांगायची नसत्यात ती."

"का? सोयरीक ठरायचीय का कुनाची?" हशा झाला.

"उपरन्याखालची गोष्ट हाय, अध्यक्षसायेब. आतलं आत."

"आतलं आत म्हंजी बंडीच्या खिशात का?" मागून कोणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. मीही हसलो.

अध्यक्ष उठले. "दलाल दोन्हीकून खातो, हे ठावं हुतं. शाळंकूनबी खातो, हे आज कळलं. चोर पोसला आपुन वर्षभर."

हा शब्द ओट्यावर पडला. पत्रकातलं माझंच वाक्य माझ्या डोळ्यांदेखत भलत्याच माणसाच्या गळ्यात पडलं होतं. मी उठून ओरडायला हवं होतं. महागाईविरुद्ध कचेरीसमोर तासभर ओरडणारा मी ओट्यावर बसून राहिलो.

आबा रागावले नाहीत. त्यांनी सभेवरून नजर फिरवली. सावकाश, एकेका तोंडावर थांबत. मला तेव्हा वाटलं, माणूस शरमलाय. आता कळतं, ते वाट पाहत होते. त्या चाळिसांतल्या निदान निम्म्यांनी त्यांच्या उपरण्याखाली हात घातला होता. 'मी दिलाय रुपया' एवढं एकानं म्हटलं असतं तरी पुरे होतं. एकही बोलला नाही. आबांनी वहाणा पायात घातल्या आणि गेले.

दलालाकडे भांडवल काय असतं? दुकान नाही, माल नाही. एक हात, आणि त्या हातावर दोन्ही बाजूंचा भरवसा. पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेलो. आबा आपल्या नेहमीच्या जागी उभे होते. शेजारी बैल विकले जात होते, दात पाहिले जात होते, शिंगांना हात लावले जात होते. त्यांच्या उपरण्याखाली दुपारपर्यंत एकही हात गेला नाही. मला पाहून म्हणाले, "या मास्तर. आज लई मोकळा हाय." एवढंच. मला माफी मागता आली नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. आठवड्यात त्यांनी नातीचा शाळेतून दाखला काढला आणि घराला कुलूप लावून देवळाली प्रवऱ्याकडे गेले. कोणी सांगतं, उसाच्या फडावर गाड्यांचे बैल राखतात. ज्या पोरीच्या शाळेसाठी वर्षभर बोट धरलं, ती पोरगी फडावर पाचट गोळा करते, असंही कोणी सांगतं.

माणसं गप्प का बसली, याचा मला महिनाभर संताप होता. एका दुपारी बांधावर भाकरी खाताना मी गावाला शिव्या देत होतो. वडील ऐकत होते. मग म्हणाले, "मीबी दिलं हुतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाही?"

"काय बोलायचं? कोनत्या दिशी दिलं म्हनून तुझा चुलता इचारनार. कितीला इकला बैल म्हनून इचारनार."

मग एकेक शब्द काढावा लागला. गारा पडल्या त्या बाजाराच्या दिवशी त्यांनी घरचा बैल विकला होता. बैल सामाईक. घरी चुलत्यांना आकडा कमी सांगितला. वरचे पैसे नगरला गेले. माझ्या कॉलेजच्या फीला.

मी, पत्रकं काढणारा, ज्या पैशांवर शिकलो ते उपरण्याखालून आले होते. आणि सभेतला प्रत्येक गप्प माणूस तसाच कुठल्या तरी भावापासून, बायकोपासून, सोसायटीपासून एक आकडा लपवून बसला होता. रुपया दिल्याचं सांगायचं तर सौदा उघडा पडणार. स्वतःचा सौदा झाकायला आम्ही आबांना उघडं पाडलं. अध्यक्षांना मी समजू शकतो, त्यांना पाचशे एक वाचवायचे होते. आपलं काय?

मी गुरुजींकडे गेलो. गारांचा बाजार त्यांच्या लक्षात होता. माणसं पळून गेली होती, आबांच्या हातून एकच सौदा झाला होता, आणि भिजून आलेल्या आबांनी गाठ सोडली तेव्हा आठ रुपये निघाले होते. म्हणजे वडिलांनी आठ दिले. मी हा लेख लिहिला, त्यात तसं लिहिलं, आणि छापायच्या आधी वडिलांना वाचून दाखवला. घरात काय व्हायचं ते होऊ दे, म्हणालो.

"छाप," ते म्हणाले. "तुझ्या चुलत्याला मी सांगतो. पर आकडा चुकलाय तुझा."

"किती दिले?"

"सात. सातच दिले मी. घेनारा गारांत तसाच पळाला, त्यानं काय दिलं न्हाई."

त्या दिवसाचा तो एकच सौदा. आठवा रुपया कोणाचा, ते आम्हा दोघांनाही कळलं. ज्याला आम्ही चोर म्हटलं, तो गारा पडलेल्या दिवशीही शाळेला स्वतःची दलाली घालत होता. असे किती दिवस? ते सांगणारा एकच माणूस होता, आणि तो सांगणार नाही.

खोल्या झाल्या. पत्रे पडले, तिसरी-चौथी आत बसते. दारावरच्या फरशीवर अध्यक्षांचं नाव आहे. यंदाच्या दुष्काळात बाजार जनावरांनी भरून वाहतोय, पडत्या भावानं बैल जातायत, आणि दोन्ही बाजूंचा भरवसा असलेला दलाल तिथे नाही.

म्हणून मागणी करतो. विनंती करायचा मला हक्क उरलेला नाही, तरी मागणी करतो. सत्तर-एकाहत्तर साली ज्यांनी ज्यांनी आबांच्या उपरण्याखाली शाळेसाठी बोट दिलं, त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता शाळेच्या ओट्यावर यावं. परगावच्यांनीही यावं. उभं राहून आपलं नाव सांगावं, रुपये सांगावेत, मोठ्यानं. सौदा उघडा पडेल, पडू दे. माझे वडील पहिले उठणार आहेत. त्या सभेची वही घेऊन मी स्वतः देवळाली प्रवऱ्याला जाणार आहे. ती कोरी नेऊ का? तुम्ही दिलं होतं. या आणि सांगा.