न पेटणारा बल्ब

बॅटरीच्या ॲसिडचा आंबूस वास आला की मला सबस्टेशनमधली ती दुपार आठवते. ढाणकीहून छापून आणलेली लोडशेडिंगविरोधी पत्रकं घेऊन मी ऑपरेटरशी भांडायला गेलो होतो. तिथल्या बॅटरीच्या पॅनेलवर दोन बल्ब नेहमी सारखेच मंद जळायचे. त्या दिवशी एक विझलेला होता आणि दुसरा डोळ्यांत खुपावा इतका लख्ख. "उडाला असन," म्हणत ऑपरेटरने नवा लावला, तोही पेटेना. काढलेला जुना दुसऱ्या होल्डरमध्ये लावला, तर तो भक्कन पेटला. ऑपरेटरचा चेहरा उतरला. "बल्ब नाही गेला, भाऊ. बॅटरीची तार कुठंतरी जमिनीले टेकली. एक टेकली तर फ्यूज बी उडत नाही. अजून एक टेकली का याच बॅटरीवर चालणारा लाइनचा ब्रेकर आपल्याआप चालू होते." खिडकीबाहेर ब्रेकर बंद करून म्हातारा लाइनमन त्याच लाइनच्या खांबावर चढलेला होता. ब्रेकर आणि लाइन यांची जोडणी तोडणारा मधला स्वीच कित्येक महिने जाम, म्हणजे त्याचा जीव फक्त त्या बंद ब्रेकरवर. ऑपरेटर ओरडत धावला, "काका, उतरा! आत्ताच्या आत्ता!" "काहून बे, चहा आला का?" म्हणत काका सावकाश उतरले. त्यांचे पाय जमिनीला लागले आणि माझ्या पाठीमागे ब्रेकर धाडकन चालू झाला. खोलीत मी एकटाच होतो, आणि माझे दोन्ही हात पत्रकांच्या गठ्ठ्यावर होते. त्या जाम स्वीचसाठी मी अजून निवेदनं देतो. वीज कंपनीचे साहेब दर वेळी विचारतात, "काही अपघात झाला का?" आणि मला नाही म्हणावं लागतं.