काळ्या ट्रंकेवरची मार्था

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी वेळंकणी माउलीच्या पाया पडायला गेलोच नव्हतो, भांडायला गेलो होतो. वय ब्याऐंशी. फौजेत चोवीस वर्षं गाड्या चालवल्या, एकाहत्तरच्या लढाईतून उजव्या कानाची ऐकण्याची ताकद सोडता काही न गमावता परत आलो, हवालदार होऊन निवृत्त झालो. श्रीरामपुरात घर बांधलं, चार पोरं मार्गी लावली, दर रविवारी चर्चमध्ये मिस्सेला पहिल्या बाकावर हजर. आणि एवढ्या चाकरीचं फळ काय, तर सत्तावन्न वर्षं संसार केलेली माझी बायको मार्था सकाळी डोळे उघडून मला विचारते, "कोण पाहिजे तुम्हाला?" आठ महिने झाले होते, तिने मला एकदाही ओळखलं नव्हतं. जपमाळ हातात धरायचो, पण तोंडातून प्रार्थनेऐवजी तक्रारच निघायची.

इलाजासाठी थोरल्या सायमनने आम्हाला चेन्नईला आणलं. तो अंबत्तूरला एका कारखान्यात आहे. डॉक्टर भला माणूस, पण तो म्हणाला की गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. मग शेजारच्या बाईंनी सांगितलं की बेझंट नगरला समुद्राकाठी वेळंकणी माउलीचं, म्हणजे मरियामातेचं, देऊळ आहे, यात्रेच्या पहिल्या दिवशी झेंडा चढतो. ज्याचा जो अवयव दुखतो तो मेणाचा करून वाहायचा. पाय दुखतो तर मेणाचा पाय, घर हवं तर मेणाचं घर. मी ठरवलं, मार्थासाठी मेणाचं डोकं वाहायचं. मनात म्हटलं, बघू या, माउलीकडे काही उत्तर आहे का!

अहो, काय ती गर्दी! समुद्राकडून, रस्त्याकडून, गल्लीबोळांतून माणसंच माणसं, आणि सगळी भगव्या कपड्यांत, कारण नवसाला तिथे भगवंच नेसतात. कुणी चार-चार दिवस चालत आलेले, पायाला फोड, पण तोंडावर हसू. "मरिये वाळ्ग!" म्हणजे मरियेचा जय, असा गजर उठला की अंगावर काटा यायचा. मार्थालाही सुनेने भगवी साडी नेसवली होती. देवळाशेजारी खुर्च्या मांडल्या होत्या, एकीवर तिला बसवलं. सायमन पाणी आणायला गेला. मी तिला म्हणालो, "इथंच थांब. मी येईपर्यंत हलायचं नाही."

हे वाक्य मी तिला आयुष्यभर म्हणत आलोय. फौजीच्या बायकोचा संसार एका काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत असतो, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. दर दोन-तीन वर्षांनी बदली. जालंधर, जबलपूर, तेजपूर. अनोळखी फलाटावर तिला त्या ट्रंकेवर बसवायचो आणि तिकिटाच्या, हमालाच्या मागे पळायचो. एकदा मला पाच तास लागले, हिच्या कडेवर सायमन, तरी ही बसलेली. तेव्हा मी नुसता शिपाई होतो, पण ती मला कौतुकाने "हवालदार" म्हणायची. म्हणायची, "हवालदार, फार उशीर केलात, चहा तरी घेतलात का?" स्वतः उपाशी, आणि चौकशी माझ्या चहाची!

तर मी मेणाचं डोकं शोधायला निघालो. पहिल्या दुकानात हात, पाय, बाळं, घरं. डोकी संपलेली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. चिडून परत आलो तर खुर्च्याच नाहीत! पालखीसाठी वाट करायची म्हणून स्वयंसेवकांनी उचलल्या होत्या. आणि मार्था नव्हती.

तोंडचं पाणी पळालं माझं. लढाईत बॉम्ब पडत असताना गाडी हाकली, पण असा कधी घाबरलो नव्हतो. तिला तमिळचा गंध नाही, स्वतःचं नाव धड आठवत नाही, आणि शंभर पावलांवर समुद्र. स्वयंसेवकाने विचारलं, काय नेसल्या आहेत? मी ठणकावून सांगितलं, "भगवी साडी!" त्या बिचाऱ्याने अंगणाकडे हात केला. समोर हजारो बाया, सगळ्या भगव्या साडीत.

पाणी घेऊन आलेला सायमन म्हणाला, किनाऱ्यावर शोधू. पण माझा हेका एकच, ती जागा सोडणार नाही, इथंच कुठेतरी आहे. तासभर मी त्याला त्याच अंगणात फिरवला. शेवटी पोरगा भडकला, "पप्पा, तिला तुमचं नाव आठवत नाही, तुमची ऑर्डर कुठून आठवणार?" आणि तो किनाऱ्याकडे धावला. खरं होतं त्याचं. माझ्या हट्टापायी तासभर वाया गेला होता. ती पाण्यात गेली असली तर?

तेवढ्यात झेंडा चढायला लागला. सगळी गर्दी वर बघत होती, आणि मी पायरीवर मटकन बसलो. भांडण संपलं होतं. तिने मला ओळखावं हा हट्टसुद्धा संपला. मी म्हणालो, "माउली, ती मला ओळखू दे नाहीतर नको, नुसती जिवंत असू दे. माझ्या हातात आता काही नाही. माझी ड्यूटी संपली, आता तू उभी राहा." झेंड्याबरोबर सोडलेले फुगे आकाशात गेले, टाळ्या झाल्या, आणि त्या गदारोळात माझ्या चांगल्या कानाला एका बाईची हाळी ऐकू आली, "हवालदार! हवालदार कोण आहे इथें?"

मी ताडकन उठलो आणि सवयीने ओरडलो, "हाजिर!"

देवळामागच्या भिंतीपाशी स्टुलावर चढून एक पन्नाशीची बाई हाका मारत होती. मेणबत्त्या विकणारी. चक्क मराठी बोलत होती, आमच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातल्यासारखी, तमिळ हेल काढून. "आम्ही तंजावूरकडचे, घरांत मराठीच," ती म्हणाली, आणि तमिळ पद्धतीने मला आजोबा करून टाकलं. "भिऊं नका तात्ता, माय बरी आहे. पण हवालदार आल्याविना उठणार नाहीं म्हणते." आणि तिने बोट दाखवलं.

काळी पत्र्याची ट्रंक. तिच्यावर, पदर सावरून, ताठ बसलेली माझी मार्था!

खुर्ची काढून घेतल्यावर तिला ती ट्रंक दिसली असेल, आणि पाय आपोआप तिकडे वळले असतील. त्या बाईचा निम्मा माल त्या ट्रंकेत होता. यात्रेची ऐन संध्याकाळ, पण तिने मार्थाला उठवलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "कोणाची तरी वाट बघणारं माणूस कसं उठवायचं?"

मी जवळ गेलो. मार्थाने वर पाहिलं. आणि म्हणाली, "हवालदार! फार उशीर केलात. चहा तरी घेतलात का?"

ब्याऐंशी वर्षांचा फौजी भर यात्रेत हमसून हमसून रडला, लपवत नाही. ती उठल्यावर बाईने ट्रंक उघडली. आत कागदात गुंडाळलेली मेणाची डोकी, रांगेने. ज्यासाठी मी दुकानं पालथी घालत होतो ते मार्था बुडाखाली घेऊन बसली होती! त्या बाईने एक माझ्या हातात ठेवलं आणि सायमन किनाऱ्यावर शोधतोय म्हटल्यावर, आधी त्याला फोन करा म्हणाली. मी फोन केला आणि ते डोकं माउलीच्या पायाशी वाहिलं, मागितलं मात्र काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्थाने विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?" डॉक्टर खोटं बोलला नव्हता. पण मला राग आला नाही. आयुष्यभर मला वाटायचं की श्रद्धा मला आहे, कारण मी पहिल्या बाकावर बसतो. ती खरी मार्थाकडे होती. नाव विसरली, चेहरा विसरली, पण येणारा येईल हे विसरली नाही.

श्रीरामपूरहून मी आमची ट्रंक मागवून घेतली. रंग उडालाय, नंबर दिसतो. इथे सायमनच्या दाराशी ठेवलीय. संध्याकाळी मार्था तिच्यावर बसते. मी दूध घेऊन येतो तेव्हा कधी मी हवालदार असतो, बहुतेक वेळा कुणीच नसतो. पण कोण आलंय हे कळो न कळो, ती जरा बाजूला सरकते आणि म्हणते, "बसा." मी माउलीचे आभार मानतो आणि बसतो.