टेपवरचं विषयांतर
सुकटीचा वास आला की मला नव्वदच्या सुमाराचं खाडीकाठचं बाळकुम आठवतं. क्षयाच्या गोळ्या लोक अर्ध्यावर का सोडतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकायला मी आणि माझ्या ऑफिसातली एक सहकारी तिथं गेलो होतो. ती प्रश्न विचारायची, मी टेप सांभाळायचो. अंगणात जवळा वाळत होता. एक कोळीण आजी गोळ्यांबद्दल सांगता सांगता मध्येच थांबली आणि तिला म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे. यो तुजा कोन गो?" ती हसून माझ्याकडे बघत राहिली. टेप फिरत होती. "आम्ही एकत्र काम करतो, आजी," मी घाईनं म्हणालो. "यवराच?" एवढंच का, असं विचारत आजी पदर तोंडाला लावून खोकत हसली. मी पुढचा प्रश्न विचारून टाकला. दुसऱ्या दिवशी वर्तकनगरच्या ऑफिसात आम्ही ती मुलाखत ऐकून कागदावर उतरवत होतो. नेमकी आजीच्या त्या प्रश्नानंतर तिनं टेप थांबवली. "इथं काय लिहू?" "विषयांतर आहे, गाळ," मी म्हणालो. "काहीच गाळायचं नाही, कुणी गप्प बसलं तर तेही लिहायचं, असं तूच शिकवलंस ना?" मी मान वर केली नाही. तिनं टेप पुढे चालू केली. वर्षभरात ती लग्न होऊन दूर गेली. आता मी मुलांना मुलाखती घ्यायला शिकवतो. माणूस विषय सोडून बोलू लागला की तिथंच जास्त कान द्या, असं त्यांना सांगतो, आणि ती टेप पुन्हा तिथंच थांबवून तिनं मला "इथं काय लिहू?" म्हणून विचारावं, असं वाटत राहतं.