हिरव्या संत्र्यांचा तास

मी चित्रकला शिकवू लागले तेव्हा माझ्या वयाची माणसे निवृत्तीच्या गोष्टी करू लागली होती. बँकेतील नोकरी सोडून, कलाशिक्षकाची परीक्षा देऊन, नागपुरातील एका शाळेत मी तात्पुरती रुजू झाले. मला कायम ठेवायचे की नाही, हे मुख्याध्यापिका माझा एक तास पाहून ठरवणार होत्या. चारचौघांत माझा आवाज घशातच अडतो. म्हणून पाठाचे टाचण मी इतक्या बारकाईने करी, की वर्गात म्हणायची वाक्येसुद्धा त्यात लिहिलेली असत.

त्या दिवशी सहावीला मिश्ररंग शिकवायचे होते. पिवळ्यात लाल मिसळून नारंगी करायचा आणि त्याने समोरचे संत्रे रंगवायचे. आदल्या संध्याकाळी मी बाजारातून संत्री आणली, हुंगून पाहिली आणि निर्धास्त झाले.

मुख्याध्यापिका शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. मी टेबलावर संत्री मांडली, फळ्यावर 'नारंगी' असे लिहिले आणि वळले, तोच पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे तं हिरवे आहेत!"

खरेच की! आंबिया बहाराची संत्री ती. आतून पिकलेली, वरून हिरवट. दरवर्षी आवडीने खाऊनही टाचण लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे होते ते जाहिरातीतले संत्रे.

"कच्चे आणले काय बे मॅडमनं?" मागे एक मुलगा कुजबुजला.

"तुले काय समजते? नरखेडले माह्या मामाच्या बगीच्यात असेच राहतात. खाऊन पाह्य!" पहिल्या बाकावरची मुलगी मागे वळून फणकारली.

वर्ग हसला. टाचणातले पुढचे वाक्य होते, 'आता नारंगी रंग तयार करा.' ते म्हणण्यात काही अर्थ उरला नव्हता. मी टाचण मिटले, फळे बाकांवर वाटली आणि कसेबसे म्हणाले, "जो रंग दिसतो, तोच शोधा."

मग वर्गाला उधाण आले. कुणी पिवळ्यात निळा ओतला, कुणाला देठाजवळ तपकिरी सापडला. कुणी फळ खिडकीत नेऊन ओरडले, "मॅडम, उन्हात अलगच हिरवा आहे!" मी बाकांमधून फिरत होते, वाकून पाहत होते आणि न अडखळता बोलत होते.

"मॅडम, माह्या संत्र्याले सारे पेरू म्हणून राहिले," तो मघाचा मुलगा रडवेला झाला.

"माझाही पेरूच झालाय रे," शेवटच्या बाकावरून आवाज आला. निरीक्षणाच्या कागदावर मुख्याध्यापिका चक्क चित्र रंगवत होत्या.

पहिल्या बाकावरची मुलगी तिथे गेली आणि मान वाकडी करून म्हणाली, "मोठ्या मॅडम, सालीवर बारीक ठिपके द्या ना. मंग संत्रा दिसन."

त्या मन लावून ठिपके देत राहिल्या. घंटा वाजली तरी ब्रश खाली ठेवला नाही.

"सोमवारपासून सातवीही तुमच्याकडे. कायमची," मान वर न करता त्या मला म्हणाल्या, "आणि एवढं एक संत्रं इथंच राहू द्या. माझं चित्र व्हायचंय अजून."